विस्कटलेली नावं जुळवताना: पुस्तक-नाटकांच्या अक्षरकोड्यांची सुरुवात अशी करा

चा – ट्या – ळ – ब – ची – टा

सहा अक्षरं, दोन शब्द. पहिला शब्द चार अक्षरांचा, दुसरा दोन. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कानावर हे नाव शंभरदा पडलेलं असतं. तरीही अक्षरं अशी विस्कटून समोर आली की नजर ‘टाळ’वर अडते, ‘बळ’वर घुटमळते आणि पुस्तक काही सापडत नाही. थोड्या वेळाने अचानक सापडतं, आणि तो क्षण इतका छान असतो की लगेच दुसरं कोडं हवंसं वाटतं.

पुस्तकांची आणि नाटकांची नावं विस्कटून मित्रमंडळींत ती ओळखायचा हा खेळ हल्ली अनेक घरगुती ग्रुपवर चालतो. पुण्यातली आत्या, नागपूरचा मामा, लंडनला नोकरी करणारा भाऊ, न्यू जर्सीतली वहिनी असे सगळे एकाच कोड्याला भिडतात. नवीन माणूस मात्र दोन-तीन कोड्यांत हरला की गप्प होतो आणि समजतो की हे काम भरपूर वाचलेल्यांचं. तसं नाही. वाचन उपयोगी पडतंच, पण कोडं फुटतं ते मराठीच्या व्याकरणामुळे. प्रत्यय, सामान्यरूप, लिंग-वचन आणि ऱ्हस्व-दीर्घ या चार गोष्टी तुम्हाला बोलता बोलता येतातच. त्या कोड्यावर लावायच्या कशा, एवढंच शिकायचं आहे.

आधी ठरवा: अक्षर म्हणजे काय

पहिल्या बैठकीतली निम्मी भांडणं इथेच होतात, म्हणून खेळायच्या आधी ग्रुपवर लिहूनच टाका. या खेळात अक्षर म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्यासकट अख्खा तुकडा. ‘नटसम्राट’ पाच अक्षरांचं: न, ट, स, म्रा, ट. ‘म्रा’ फोडायचा नाही. ‘रणांगण’ चार अक्षरांचं: र, णां, ग, ण. ‘णां’वरचा अनुस्वार उचलून दुसऱ्या अक्षरावर ठेवायला परवानगी नाही.

ऱ्हस्व-दीर्घ जसंच्या तसं. ‘फु’ दिला असेल तर ‘फू’ चालत नाही. नवख्यांना हा नियम जाचक वाटतो, पण सोडवणाऱ्याला सगळ्यात जास्त मदत यातूनच मिळते. ते पुढे येईलच.

नाव कोणतं धरायचं हेही ठरवा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे छापलं आहे ते प्रमाण. वि. स. खांडेकरांची कादंबरी ‘ययाति’ आहे, शेवटची ‘ति’ ऱ्हस्व, मग आजचा नियम काहीही असो. पु. लं.चं ‘व्यक्ति आणि वल्ली’ कुठे ‘व्यक्ति’ तर कुठे ‘व्यक्ती’ असं लिहिलेलं दिसतं. अशा वेळी कोडं घालणाऱ्याने सोबत एक ओळ टाकावी: जुनं लेखन धरलं आहे. संगीत नाटकांचंही तसंच. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ (१८८२) की ‘संगीत सौभद्र’? देवलांचं ‘शारदा’ (१८९९) की ‘संगीत शारदा’? दोन्ही चालतात, फक्त ‘संगीत’ धरलं आहे की नाही ते सांगायचं. उद्गारचिन्हं, स्वल्पविराम मोजायचे नाहीत.

कोड्यासोबत कंसात प्रत्येक शब्दाची अक्षरसंख्या हवीच. (४, २) एवढं लिहिलं की सोडवणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळते. ती न देता कोडं घालणं मला योग्य वाटत नाही, निदान पहिले काही महिने तरी नाहीच.

कागद घ्या

कोडं मोबाइलवर आलं तरी सोडवायचं कागदावर. स्क्रीनवर अक्षरं एका ओळीत दिसतात आणि डोळा ती त्याच क्रमाने वाचत राहतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापा, प्रत्येकावर एक अक्षर लिहा आणि टेबलावर पसरा. तेवढा वेळ नसेल तर कागदावर अक्षरं गोलाकार लिहा. गोलात पहिलं-शेवटचं असं काही उरत नाही, त्यामुळे मन दिलेल्या क्रमातून सुटतं.

आता वरचंच कोडं घेऊ. सगळी अक्षरं सारख्याच नजरेने पाहू नका. त्यांतलं सगळ्यात अवघडलेलं अक्षर शोधा, म्हणजे ज्याला फार थोड्या शब्दांत जागा मिळते असं. इथे ते ‘ट्या’. मराठीत ‘ट्या’ बहुतेक वेळा दोनच ठिकाणी येतो. एक, अनेकवचनात: वाट्या, पेट्या, गोट्या. दोन, सामान्यरूपात: वाटा – वाट्याला, काटा – काट्याने. सामान्यरूप असेल तर त्याच्या मागे प्रत्यय उभा असणारच. हातात ‘चा’ आणि ‘ची’ दोन्ही आहेत, म्हणजे ‘ट्याचा’ किंवा ‘ट्याची’. पहिला शब्द चार अक्षरांचा, तेव्हा त्याच्या आधी दोन अक्षरं. उरलेली अक्षरं ब, टा, ळ. ‘बटाट्या’ इथेच दिसायला लागतं. मग ‘चा’ की ‘ची’? जे उरेल ते ‘ळ’बरोबर दुसरा शब्द करणार. ‘चीळ’ असा शब्द नाही, ‘चाळ’ आहे. ‘बटाट्याची चाळ’. पु. ल. देशपांडे, १९५८.

या सगळ्यात पुस्तक आठवावं लागलं ते अगदी शेवटी. तोवर काम केलं ते प्रत्ययाने.

नावांचे साचे ओळखा

मराठी नावं ढोबळमानाने तीन साच्यांत बसतात. शब्दसंख्या पाहूनच साच्याचा अंदाज बांधता येतो.

एकशब्दी नावं बहुधा कादंबऱ्यांची: स्वामी, छावा, कोसला, मृत्युंजय, फकिरा, बनगरवाडी, पडघवली. यांत प्रत्यय नसतो, म्हणून वरवर सोपी दिसली तरी ती नवख्याला अडवतात. इथे सरळ स्मरणशक्तीच लागते.

दुसरा साचा ‘अमक्याची तमकी’. हिमालयाची सावली, लग्नाची बेडी, मोरूची मावशी, माहीमची खाडी, गारंबीचा बापू, तुंबाडचे खोत. अक्षरांत चा, ची, चे, च्या यांतलं काही दिसलं आणि शब्द दोन असले की आधी हाच साचा धरून पाहा.

तिसरा साचा सबंध वाक्याचा, आणि तो नाटकांना फार प्रिय. तो मी नव्हेच, तुझे आहे तुजपाशी, अश्रूंची झाली फुले. इथे क्रियापद शोधायचं: आहे, झाली, येते, गेला. क्रियापद हाती आलं की त्याचं लिंग-वचन बाकीच्या शब्दांना वेसण घालतं. हे एका कोड्यावर नीट पाहू.

ली – श्रूं – फु – झा – अ – ले – ची (३, २, २)

अवघडलेलं अक्षर ‘श्रूं’. दीर्घ स्वर, वर अनुस्वार: हे अनेकवचनाच्या सामान्यरूपाचं लक्षण. पुस्तकां-, माणसां-, मुलीं-, आणि इथे अश्रूं-. त्याच्या मागे प्रत्यय हवा, आणि ‘ची’ समोरच आहे. तीन अक्षरांचा पहिला शब्द मिळाला: अश्रूंची.

उरले ली, फु, झा, ले. यांतून दोन जोड्या होतात: ‘झाली’ आणि ‘फुले’, नाहीतर ‘झाले’ आणि ‘फुली’. चारही शब्द मराठीच. ठरवायचं कसं? ‘फुली’ स्त्रीलिंगी, एकवचनी. ‘अश्रूंची झाले फुली’ असं कोणी म्हणणार नाही. ‘फुले’ नपुंसकलिंगी अनेकवचन, त्याला ‘झाली’ बरोबर लागतं. वसंत कानेटकरांचं १९६६ चं नाटक तुमच्यासमोर उभं राहतं, आणि ते तुम्ही पाहिलेलं किंवा वाचलेलं असण्याची गरजही नाही.

ऱ्हस्व-दीर्घ

शाळेत ज्यामुळे गुण कापले गेले तेच इथे सगळ्यात कामाचं. १९६२ च्या लेखननियमांपैकी दोन नियम या खेळासाठी पाठ असावेत.

पहिला: शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ. म्हणजे ऱ्हस्व वेलांटीचं किंवा ऱ्हस्व उकाराचं अक्षर सहसा शब्दाच्या शेवटी येणार नाही. ‘वाडा चिरेबंदी’ विस्कटून आलं तर ‘चि’ शेवटी ठेवून पाहण्यात वेळ घालवायचा नाही. तो शब्दाच्या सुरुवातीला नाहीतर मध्ये. सहा अक्षरांच्या कोड्यात अशी एक-दोन घरं बाद झाली की काम कितीतरी हलकं होतं. अपवाद ध्यानात असू द्या: ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखे शब्द, आणि ‘ययाति’सारखी जुन्या वळणाने लिहिलेली नावं. ‘णि’ दिसला की ‘आणि’ची शंका घ्यायलाच हवी.

दुसरा नियम: मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ. फूल, मूल, वकील. पण सामान्यरूपात किंवा समासात तो ऱ्हस्व होतो: फुलाला, मुलाचा, फुलराणी. तेव्हा कोड्यात ‘फु’ आणि ‘ल’ दिसले म्हणून ‘फूल’ झालं असं नाही. तो ‘फु’ सांगतो की पुढे अजून काहीतरी आहे. ‘ती फुलराणी’ विस्कटून आलं की नवखे ‘फुल’ वेगळं काढून ‘राणी ती’ची जुळवाजुळव करत बसतात. ऱ्हस्व ‘फु’ पाहणारा लगेच ‘फुल’ला पुढचा शब्द जोडतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष, मधुर असे शब्द या नियमात बसत नाहीत, तेवढं सांभाळा.

आणखी एक खूण डोळ्यांवरच्या पापणीसारखी दिसणाऱ्या र-ची, म्हणजे ऱ्ह आणि ऱ्य यांची. तऱ्हा, गुऱ्हाळ, कऱ्हा, असे ऱ्ह असलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. त्यामुळे ‘पा – चे – क – णी – ऱ्हे’ असं कोडं आलं की आचार्य अत्र्यांचं आत्मचरित्र क्षणात सापडतं. याउलट ऱ्य बहुतेक सामान्यरूपातून येतो: वारा – वाऱ्यावर, दौरा – दौऱ्याचा. तिथे पुन्हा प्रत्यय शोधायचा.

चकवे

काही कोड्यांत प्रत्यय नाही, जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही. तिथे खरी कसोटी लागते.

वा – शी – को – म – ल – घा – त – रा (४, ४)

आमच्याकडे यावर बराच वेळ गेला. आत्याने पहिल्या मिनिटात ‘कोमल’ काढलं आणि ते काही तिच्या हातून सुटेना. भाच्याला ‘वारा’ आणि ‘घात’ दिसले. कुणी ‘राशी’ म्हणालं, कुणी ‘घाम’. सगळे शब्द खरे, पण एकाचाही उपयोग नाही.

“आत्या, कोमल सोड आता. उरलेल्यात काय होतंय? घात, राशी, वा. ‘वा’चं काय करणार?”

“अरे, पण इतका छान बसतोय!”

छान बसतो म्हणूनच तो तिथे ठेवला होता. अशा वेळी एक शिस्त पाळा. सापडलेला शब्द बाजूला ठेवून उरलेल्या अक्षरांकडे पाहा. त्यांचं काही होत नसेल तर शब्द कितीही गोड असला तरी मोडा. उरलेली अक्षरंच खरा निकाल देतात.

मग इथे सुटका कशी? प्रत्यय नाही, क्रियापद नाही, चार-चार अक्षरांचे दोन शब्द. म्हणजे बहुधा दोन नामं, आणि त्यांतलं एक विशेषनाम असण्याची शक्यता मोठी. मराठी पुरुषांची जुनी नावं कशी संपतात? राव, पंत, नाथ, राम. ‘रा’ आणि ‘म’ हातात आहेत. चार अक्षरांचं, ‘राम’ने संपणारं नाव: आधी दोन अक्षरं. उरलेल्यांतून ‘घाशी’ जमतं, आणि मागे को, त, वा, ल उरतात. ‘घाशीराम कोतवाल’, विजय तेंडुलकर, १९७२. नावांच्या या शेपट्यांची मनात एक यादी करून ठेवा. बाई, ताई, राव, राम, वाडी, पूर, गड अशी शेपटी सापडली की अर्ध नाव सापडलं म्हणा.

आता एक लांब नाव, भीती जावी म्हणून.

ग – रा – व्हा – ते – डा – जा – ये – ला – ग – जे – य (५, २, २, २)

अकरा अक्षरं आहेत म्हणून घाबरू नका. लांब नावं बहुधा वाक्यं असतात, आणि वाक्यात हाती धरायला भरपूर मिळतं. ‘व्हा’ पाहा: केव्हा, जेव्हा, तेव्हा. ‘के’ नाही. ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही आहेत, म्हणजे इथे फाटा फुटतो. ‘तेव्हा’ घेतलं तर ‘ये’ आणि ‘जे’ दोघेही पोरके होतात. ‘जेव्हा’ घेतलं तर ‘येते’ तयार. उरले ग, रा, डा, जा, ला, ग, य. दोन अक्षरांचा अजून एक शब्द हवा, बहुधा ‘येते’च्या अलीकडचा. ‘राग’ होतो आणि ‘जाग’ही होतो. पण राग येतो, येते ती जाग! पाच अक्षरं उरली, त्यांत ‘ला’ प्रत्यय, त्याच्या आधी ‘डा’, म्हणजे गडाला. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’. पुन्हा कानेटकर, १९६२.

आता तुम्ही कोडं घाला

पाच-सात कोडी सोडवली की पाळी तुमची. कोडं घालणं हे सोडवण्याइतकंच मन लावून करायचं काम आहे, आणि ग्रुप टिकतो तो चांगल्या कोडेकारांमुळे.

विस्कटायचं हातानेच. इंग्रजीसाठी बनवलेली अक्षरं फिरवणारी ॲप मराठीचा पार विचका करतात. ‘स्वामी’ तुम्हाला दोन अक्षरांचं दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं आहेत: स, पाय मोडायचं चिन्ह, व, काना, म आणि दुसरी वेलांटी. ॲप ही सहा चिन्हं उलटसुलट करतं आणि हातात सुटी वेलांटी, नको तिथे मोडलेला पाय आणि ठिपक्यांची वर्तुळं येतात. कागदाचे तुकडे टेबलावर ढवळा, आणि मग त्यांच्याकडे नीट पाहा. मूळ नावात शेजारी असलेली दोन अक्षरं अजून शेजारीच असतील तर दूर करा. जमलं तर एखादा खरा पण निरुपयोगी शब्द अर्धामुर्धा डोकावू द्या, जसा ‘कोमल’. पाठवताना दोन अक्षरांच्या मध्ये रेघ टाका, म्हणजे वाचणाऱ्याला अक्षर कुठे संपतं हा प्रश्न पडणार नाही.

पाठवण्यापूर्वी ताळा करा. मूळ नाव एका ओळीत लिहा, खाली कोडं लिहा, एकेक अक्षर दोन्हीकडे खोडत जा. एक ‘ट’ राहिला तर सात माणसांची संध्याकाळ वाया जाते. नावाची आणि लेखनाची खात्री मुखपृष्ठावरून, ग्रंथालयाच्या यादीतून किंवा प्रकाशकाच्या सूचीतून करून घ्या. कुठल्यातरी फॉरवर्डवर विसंबू नका.

सूचना तीन पायऱ्यांनी द्या. आधी प्रकार: नाटक, कादंबरी, आत्मचरित्र, कवितासंग्रह. मग काळ. शेवटी लेखक किंवा पहिलं अक्षर. पात्राचं नाव सांगून मोकळं होऊ नका. अप्पासाहेब बेलवलकर म्हटलं की ‘नटसम्राट’ सांगून टाकल्यासारखंच आहे. त्यापेक्षा थोडी वळसा घेणारी सूचना चांगली. ‘घाशीराम’साठी ‘१७९१ मध्ये पुणेकरांच्या रागाला बळी पडलेला अधिकारी’ असं सांगितलं, की इतिहास वाचणारा एखादा काका जो तोवर गप्प होता तो पुढे येतो.

अर्थ लागेल असं विस्कटणं

यात मजा सगळ्यात जास्त आहे. अक्षरं नुसती ढवळायची नाहीत, त्यांतून दुसरा अर्थ निघेल अशी मांडायची. मराठी अक्षरं मात्रांसकट घट्ट बांधलेली असल्याने हे क्वचितच जमतं, पण जमलं की सगळा ग्रुप दाद देतो.

अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ घ्या. तीच पाच अक्षरं: ‘मीच तो, नव्हे?’ नाटकातला लखोबा लोखंडे जन्मभर जे नाकारतो, नेमकं तेच हे कोडं कबूल करून टाकतं. ‘वाडा चिरेबंदी’ची अक्षरं घेऊन ‘वाडाचि बंदी रे’ म्हणा. ‘चि’ जुन्या काव्यातला, ‘च’च्या अर्थाचा. महेश एलकुंचवारांच्या नाटकातल्या देशपांड्यांच्या वाड्याला हे वाक्य लागू पडतं, म्हणून ते कोडंही होतं आणि सूचनाही.

‘एकच प्याला’चं ‘कच प्याला, ए!’ होतं. इथे सोडवणारा हमखास फसतो. कच म्हटल्यावर त्याला शुक्राचार्य, मद्यात कालवलेली कचाची राख, देवयानी असं सगळं आठवतं आणि तो खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’कडे धावतो. विषय दारूचाच, पण नाटक गडकऱ्यांचं.

काही नावं तर आधीच खेळ खेळून बसलेली असतात. ‘असा मी असामी’मध्ये डावीकडची तीन अक्षरं आणि उजवीकडची तीन अक्षरं तीच आहेत. अ, अ, सा, सा, मी, मी अशी सहा अक्षरं पाठवा आणि कोण आधी ओळखतं ते पाहा.

ग्रुप चांगला तयार झाला की अक्षरं फोडून वर्ण वेगळे करायचा कठीण प्रकारही करून बघा. त्यात व्यंजन वेगळं, स्वर वेगळा. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ वर्णांत फोडलं तर प्, ड्, स् ही व्यंजनं आणि आ, अ, अ हे स्वर मिळतात. त्यांतून ‘सापड’ तयार होतं. काना ‘प’वरून ‘स’वर गेला एवढंच. हा प्रकार सगळ्यांना रुचत नाही, म्हणून रोजच्या बैठकीत तो मिसळू नये असं माझं मत आहे.

ग्रुप कसा चालवावा

पाच ते आठ माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोन-तीन जणच बोलतात. आठवड्याची एक ठरलेली वेळ हवी. भारतात शनिवारी रात्री ९ म्हणजे लंडनला दुपारी साडेतीन किंवा उन्हाळी वेळेत साडेचार, न्यू यॉर्कला सकाळी साडेदहा किंवा साडेअकरा. सगळ्यांना जमणारी अशी दुसरी वेळ क्वचितच सापडते.

उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, ते कोडेकाराला खासगीत पाठवायचं. हा एकच नियम सगळ्यात कडक ठेवा. एकाने घाईने उत्तर टाकलं की बाकी सगळ्यांचा आनंद जातो. टेलिग्रामवर खेळत असाल तर मजकूर झाकून पाठवायची सोय वापरा. ग्रुपवर फक्त ‘सापडलं’ लिहायचं. अर्ध्या तासाने कोडेकार उत्तर जाहीर करतो, आणि मग ज्यांना सापडलं त्यांनी कसं सापडलं ते सांगायचं. हे सांगणं टाळू नका. नवीन माणूस शिकतो ते यातूनच.

एकत्र मिळून सोडवायचं असेल तर ऑनलाइन स्प्रेडशीट छान चालते. एका घरात एक अक्षर, सगळ्यांनी तीच शीट उघडायची आणि अक्षरं हलवायची. व्हिडिओ कॉलवर असाल तर कोडेकाराने जाड मार्करने कागदावर अक्षरं लिहून कॅमेऱ्यासमोर धरावीत.

शोधयंत्रात किंवा एआयला अक्षरं घालून उत्तर काढायला आमच्याकडे मनाई आहे. उत्तर जाहीर झाल्यावर मात्र त्या पुस्तकाबद्दल हवं तेवढं शोधा.

परदेशात वाढणाऱ्या मुलांना घ्यायचं असेल तर चार-पाच अक्षरांची नावं द्या आणि कोडं लिहून पाठवण्यासोबत आवाजातही पाठवा. मराठी छान बोलणाऱ्या पण वाचताना अडखळणाऱ्या मुलांना अक्षरं कानाने जुळवता येतात. आजी-आजोबांना उलट संगीत नाटकं द्या. एकाच बैठकीत दोन्ही ठेवलं की दोघंही एकमेकांना विचारायला लागतात.

सरावाला सहा कोडी

क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. तिसऱ्यात रफाराचं जोडाक्षर आधी पाहा. चौथ्यात ‘हरी’च्या मोहात पडू नका. पाचव्यात ‘ट्या’ आहे, पण तो वर सांगितलेल्या दोन्ही जागा सोडून बसला आहे.

१. ची – ई – म – आ – श्या (३, २)
२. हे – र्ट – ता – चा – शां – लू – को – आ – त (३, २, २, २)
३. र – हो – क – र्व्ह – ता – ए – का (२, २, ३)
४. र – नो – आ – त – ह – री – म – हे (२, ४, २)
५. ळ – स – जा – र – ली – क – घु – ट्या – त – का (३, ४, ३)
६. लं – न – य – व – ला – घा – ड – ऱ्हा – नि – लं – ड (३, ४, ४)

उत्तरं: १. श्यामची आई (साने गुरुजी). २. शांतता! कोर्ट चालू आहे (विजय तेंडुलकर). ३. एक होता कार्व्हर (वीणा गवाणकर). ४. आहे मनोहर तरी (सुनीता देशपांडे). ५. कट्यार काळजात घुसली (पुरुषोत्तम दारव्हेकर). ६. वऱ्हाड निघालंय लंडनला (लक्ष्मण देशपांडे).